सभेला चार आया आणि एक आजी

पत्र असं आलंय (थोडं कापून देतेय):

"मी गोव्यात सत्तरी तालुक्यात एका सरकारी प्राथमिक शाळेत शिकवते. तिसरी-चौथी एकत्र, 21 मुलं. मागच्या महिन्यात पालकसभा ठेवली, सकाळी साडेअकराला, चार आया आल्या आणि एक आजी. आजी म्हणाली मला काय कळतंय त्यातलं, सही कुठे करू ते सांग. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप केला तर त्यात गुड मॉर्निंग आणि कुणाच्या तरी स्कूटरच्या विक्रीची जाहिरात. मग ब्रॉडकास्ट लिस्ट केली, दर शुक्रवारी 'आमच्या वर्गाचा आठवडा' अशी दोन पानी पीडीएफ पाठवते, रात्री जागून करते, आणि निम्मे पालक म्हणतात आम्हाला मिळालीच नाही. एका आईने तोंडावर सांगितलं, 'टीचर, आमकां मराठी बरें येना, तुमीच शिकयात.' आमच्या मुख्याध्यापिका म्हणतात ही सगळी फॅडं, पोर्शन पुरा कर. माझी मैत्रीण पणजीत खाजगी शाळेत आहे, त्यांच्याकडे अ‍ॅप आहे. मी पण अ‍ॅप आणू का? की सोडून देऊ सगळं?"

अगं बाय, पहिल्यांदा ती पीडीएफ बंद कर. ह्याच शुक्रवारपासून. (मी तुला तूच म्हणते हां, माझ्या धाकटीच्या वयाची असशील, राग मानू नको.)

पीडीएफ वाईट असेल असं नाही, छानच करत असशील, कोपऱ्यात फुलंबिलं काढून. पण रात्री जागून केलेलं ते कोण वाचणार ते बघ ना. तुझ्याकडच्या घरात फोन किती असतात? एक चांगला फोन असतो आणि तो बाबाच्या खिशात, बाबा होंड्याला नाहीतर पिसुर्ल्याला कंपनीत, शिफ्ट संपवून घरी येतो तेव्हा मूल झोपलेलं. आईकडे जो असतो त्याची स्क्रीन तडकलेली आणि रिचार्ज संपलेला. त्यावर दोन पानी पीडीएफ कोण उघडेल, मी नाही उघडणार.

आणि निम्म्यांना मिळालीच नाही म्हणतात ते खोटं बोलत नाहीत. मला पण हे उशिरा कळलं, माझ्या भाच्याने सांगितलं. ब्रॉडकास्ट लिस्टचा मेसेज ज्यांनी तुझा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केलाय त्यांनाच जातो, बाकीच्यांना जातच नाही, आणि तुला कुणी सांगत पण नाही की गेला नाही म्हणून. तेव्हा ते बिचारे बेपर्वा म्हणून आपण आठ आठ दिवस मनात धरून बसतो आणि कारण एवढंच. शाळा सुटताना गेटवर उभी राहा, न्यायला आलेल्या प्रत्येकाचा फोन हातात घे, "टीचर" म्हणून नंबर सेव्ह करून दे. तीन-चार दिवसांत निम्मे होतील, उरलेल्यांसाठी मुलाच्या वहीत चिठ्ठी. ग्रुप ठेवायचा असेल तर सेटिंगमध्ये जाऊन फक्त अ‍ॅडमिन लिहू शकेल असं कर, स्कूटर आपोआप बंद. त्यात फक्त सुट्टी, वेळ, काय आणायचं एवढंच. आणि एक लक्षात ठेव, ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो, काही बायकांना ते नको असतं आणि तसं बोलून दाखवायला त्यांना जड जातं, म्हणून आधी विचार. मुलांचे फोटो पण आईवडिलांना विचारल्याशिवाय नको, आणि चुकलेल्या गणिताच्या वहीचा फोटो तर कधीच नको, मी असे ग्रुप बघितलेत, वाचवत नाहीत.

आता खरं काय ते सांगते. तू आत्तापर्यंत जे जे केलंस ना, सभा, ग्रुप, पीडीएफ, त्यात बोलणारी तूच आणि ऐकणारे ते. नवीन पद्धत म्हणजे अ‍ॅप असं नाही, नवीन पद्धत म्हणजे जरा वेळ तू विचारायचं आणि त्यांनी सांगायचं. शाळेकडून बोलावणं आलं की आपल्याकडच्या माणसाच्या पोटात गोळा येतो. त्याच्या लहानपणी बोलावणं आलं म्हणजे मार ठरलेला, नाहीतर फी राहिलेली. तो आज पंचेचाळीस वर्षांचा झाला तरी तो गोळा तसाच आहे.

हा गोळा मीच एकाच्या पोटात घातलाय, म्हणून ठाऊक. नोकरीच्या आठव्या की नवव्या वर्षी, फोंडा तालुक्यात होते, सभेत सगळ्यांच्या देखत एका बाबाला म्हणलं तुमचा मुलगा हातचा घ्यायला विसरतो, घरी बसवत नाही का कोणी त्याला. तो माणूस ट्रकवर ड्रायव्हर होता, रात्रभर गाडी चालवून अंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. काही बोलला नाही. हो म्हणाला, मान हलवली. त्यानंतर तो चार वर्षं शाळेच्या पायरीवर चढला नाही, निकालाच्या दिवशी पण बायकोला पाठवायचा आणि स्वतः वडाखाली उभा राहायचा. मला हातचा दिसला आणि शर्ट दिसला नाही. अजून तो रस्त्यात दिसला की मी आधी हसते, तो पण हसतो, पण ते झालं ते झालं.

तर असं कर. रोज दोन मुलं धर. 21 मुलं म्हणजे अकरा दिवसांत वर्ग पुरा. त्या दोन मुलांच्या घरी एक-एक व्हॉइस मेसेज, वीस-तीस सेकंदांचा, आणि पहिलं वाक्य हेच, "काळजीचं काही नाही हां." हे आधी बोल नाहीतर पुढचं काही ऐकूच येत नाही त्यांना. मग एक खरी गोष्ट. हुशार आहे, गुणी आहे असलं नको, ते सगळ्यांना सगळेच म्हणतात. "आज तुमच्या मुलीने नवीन आलेल्या पोराला आपला पाव अर्धा दिला", "आज त्याने सातचा पाढा न अडकता म्हणला, मध्ये एकदा थांबला आणि परत स्वतःच सुरू केला." बस. शेवटी काही मागायचं नाही, घरी अभ्यास घ्या वगैरे जोडायचं नाही, ते जोडलं की अख्खा मेसेज फुकट. नावं वहीत लिहून ठेव, कारण आपण सगळ्या टीचर लोक गोड मुलांकडे आपोआप वळतो आणि मागच्या बाकावरचा मुका पोरगा महिनाभर राहून जातो, हे माझ्या वहीने मला दाखवलं, मला वाटलं नव्हतं मी तसली.

मेसेज कोकणीतून पाठव. हो, कोकणीतून, शाळा मराठी असली म्हणून काय झालं, आई घरी कोकणीच बोलते आणि तू सुद्धा बोलतेसच की. कन्नड किंवा हिंदी बोलणारी घरं असतील, हल्ली असतातच, तर हिंदीतून बोल, कन्नडसाठी वर्गातलंच एखादं मोठं भावंड मधे घे, पण भावंडाला फक्त चांगलं सांगायला वापर हां, तक्रार त्याच्या तोंडून नको.

आणि ती जी आई म्हणाली ना आमकां मराठी बरें येना, तिला तू काय उत्तर दिलंस ते लिहिलं नाहीस. मी असते तर म्हणलं असतं, तुम्ही कोकणीतूनच गोष्ट सांगा रात्री झोपताना, बाजारातून येताना काय घेतलं, किती झाले ते त्याला मोजायला लावा, तेवढं पुरे, मराठी मी बघते. घरच्या भाषेत ज्याचं बोलणं वाढतं त्याला शाळेची भाषा जड जात नाही, उलट घरात मोडकंतोडकं मराठी बोलायला लागले की मूल दोन्हीकडून गेलं. आणि खरं सांगू, आपल्याकडे "मराठी येत नाही" म्हणणारी माणसं चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, काय करतात? घुमट-शामेळ ही आपली वाद्यं घेऊन तासभर आरत्या म्हणतात, पाठ, एक अक्षर न चुकता, आणि त्या कुठल्या भाषेत असतात? भजनी सप्ताहात पहाटेपर्यंत अभंग चालतात ते कुठल्या भाषेत? गावच्या जत्रेच्या नाटकात ज्याने राजाचं काम केलं त्याने ते संवाद कुठल्या भाषेत पाठ केले? सही कुठे करू म्हणणारी ती तुझी आजी, तिला विचार एकदा धालोची, बायकांच्या फेराची, गाणी येतात का. पौषात मांडावर (धालो खेळतात त्या अंगणात) रात्री जागवणारी बाई असणार ती. त्या सभेत तुला सगळ्यात जास्त कामाचं माणूस तीच आलं होतं आणि आपण तिच्याकडून फक्त सही घेतली.

म्हणून दुसरं काम, आणि ते चवथ तोंडावर आहे म्हणून आत्ताच. माटोळी, म्हणजे गणपतीवर रानातली फळं-फुलं बांधून टांगतात ती. परिसर अभ्यासात वनस्पती आहेतच, तेव्हा पोर्शन बाहेर काही नाही, मुख्याध्यापिकांना हे आधी सांग. प्रत्येक मुलाने घरी विचारून यायचं की तुमच्या माटोळीला काय काय बांधतात, ते कोण आणतो, रानात कुठून आणतो, आणि त्याला घरात काय म्हणतात. नाव घरच्या शब्दातच लिहायचं, पुस्तकातला शब्द मग. नारळ, सुपारीचं शिंपटं, तोरिंग, आंबाडे सगळे सांगतील, पण घागऱ्यो, कांगणां, कवंडळ ही नावं एका घरात एक आणि दुसऱ्या घरात वेगळी निघतात, तिथेच मजा आहे, पोरं भांडतात. ज्या आजोबांना ते ठाऊक असतं त्यांना एक दिवस बोलव. भाषण द्या म्हणू नको, नाही येणार. "आजोबा, पोरांना कळत नाही हे कुठलं झाड, जरा येऊन दाखवाल?" असं म्हण. येतो माणूस, लवकर येतो, आणि जाताना शाळेच्या कंपाउंडमध्ये काय लावलं पाहिजे ते सांगून जातो. कवंडळ मात्र दिसायला लालबुंद, पोरांच्या तोंडात जाऊ देऊ नको, रानातलं प्रत्येक फळ खायचं नसतं हे पण त्यांच्याच तोंडून पोरांना ऐकव.

वर्गात सगळीच घरं गणपतीची नसतील. तेव्हा प्रश्न असा कर की तुमच्या घरच्या मोठ्या सणाला बाहेरून काय आणता, कोण आणतं. क्रिसमसची तयारी असलेलं घर सांगेल, ईदवालं सांगेल, बेळगाव-विजापूरकडून आलेलं घर आणखी काहीतरी सांगेल. फळ्यावर सगळी यादी एकत्र येऊ दे. एखाद्या बाबाला घुमट वाजवता येत असेल तर त्याला पण सोडू नको. पूर्वी घुमटाला घोरपडीचं कातडं लावायचे, घोरपड मारायला कायद्याने बंदी, म्हणून आता बकऱ्याचं लावतात, आणि 2019 मध्ये सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य केलं, ह्या एका वाद्यात तिसरी-चौथीचे चार धडे निघतात.

ही काय माझी अक्कल नाही हां. 1992 च्या सुमाराला अमेरिकेत अ‍ॅरिझोनामध्ये टूसान शहरात लुईस मोल ह्या शिक्षणाच्या अभ्यासकाने आणि त्यांच्या बरोबरच्यांनी हेच केलं, मेक्सिकन कामगारांच्या घरी शिक्षकांना पाठवलं, पण शिकवायला नाही, शिकायला. त्या घरांत शेती, बांधकाम, दुरुस्ती, औषधी पाला असलं किती ठाऊक आहे ते शिक्षकांनी लिहून आणलं आणि त्यावर धडे बेतले. आणि एवढं लांब कशाला, ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, नंतर कोसबाडला गेल्या, आदिवासी पोरं गुरं राखायला जायची म्हणून शाळेत यायची नाहीत, तर शाळाच कुरणात नेली, कुरणशाळा म्हणायचे तिला. बालवाडी पण घराच्या अंगणात भरवली. आपण मात्र साडेअकराची सभा लावून बसतो आणि कोणी आलं नाही म्हणून तोंड पाडतो.

साडेअकराला कोण येणार गं? रोजंदारीवाल्याचा अर्धा दिवस जातो. आणि मार्च ते मे सभाच ठेवू नको, सत्तरीत तेव्हा सगळं घर काजीत, काजूच्या कामात, असतं, बोंडू वेचायचे, ते पिळायचे, बिया सुकवायच्या, वर्षाचे पैसे त्यातच. पुढची सभा कधी ठेवायची ते तू ठरवू नको, मुलांकडून तीन वेळा पाठव, संध्याकाळी पाच, शनिवार दुपार, रविवार सकाळ, घरच्यांनी एकावर खूण करून पाठवायची. आणि सभा म्हणजे आपण खुर्चीवर आणि ते बाकावर तसं नको. पंधरा-पंधरा मिनिटांचे गट कर, चार-पाच घरं एका वेळी, मूल स्वतः आपली वही उघडून आईला नाहीतर आजीला दाखवेल, हे मला येतं, हे अजून येत नाही. तू मागे उभी राहा. मुलाने स्वतः सांगितलेलं "येत नाही" ऐकून आईला लाज वाटत नाही, आपण सांगितलं की वाटते. मी शेवटची पाच-सहा वर्षं असंच केलं आणि बाबा लोक यायला लागले, मुलगा काय सांगतो ते ऐकायला.

घरी जाणं. हे कर पण हळू. सगळ्या 21 घरी जाईन असं ठरवलंस तर तिसऱ्या आठवड्यात दमशील, आधी पाच. कळवून जा, अचानक गेलीस तर ती तपासणी होते, बाई पदराने खुर्ची पुसत राहते आणि बोलत काही नाही. एकटी जाऊ नको, शाळेच्या समितीतली एखादी आई बरोबर घे. जेवणाच्या वेळेला नको, तू गेलीस की ती दुपारचं नुस्तें (मासळी) तुला वाढणार आणि मुलांना उरणार नाही. चहा मात्र घे, नाही म्हणू नको. वही-पेन पिशवीतच राहू दे. एकच प्रश्न, "हा घरी कशात रमतो?" आणि मग गप्प बसायचं, हे आपल्या लोकांना सगळ्यात कठीण. मला एका घरी असंच कळलं की वाचताना अडकणारा पोरगा बापाच्या गॅरेजमध्ये सगळे पाने नंबरवरून ओळखतो, दहाचा, बाराचा, चौदाचा. मग त्याला अपूर्णांक पान्यांवरूनच शिकवले. वीस मिनिटांत उठायचं. मार्कांचा विषय नाही.

मुख्याध्यापिका. त्यांना फॅड वाटतं कारण दरवर्षी वरून काहीतरी नवीन येतं आणि फोटो काढून पाठवायचा असतो, त्यांचं पण चुकत नाही. त्यांच्याशी भांडू नको, शाळा व्यवस्थापन समितीचा रस्ता घे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातच आहे की समितीत निदान तीन चतुर्थांश सभासद आईवडील किंवा पालक हवेत आणि सभासदांत निम्म्या बायका हव्यात. कागदावर त्या असतात, सभेत बाबांच्या मागे बसतात. पुढच्या बैठकीला एक खरा प्रश्न तिथे ठेव, सभेची वेळ काय असावी, आणि पहिल्यांदा बायकांना बोलू दे. ठराव समितीचा झाला की ते तुझं फॅड राहत नाही, इनवर्ड-आउटवर्डच्या वहीत नंबर पडतो त्याला. सरकारी शाळेत नंबरला वजन असतं.

अ‍ॅप नको. मैत्रिणीच्या शाळेत आई-बाबा दोघांचे दोन फोन आणि घरात वायफाय, तिचं बरोबर आहे, तुझं गणित वेगळं. शिवाय त्यातल्या काहींत मुलांच्या वागणुकीला पॉइंट देतात, सगळ्यांना दिसतील असे, ते तर मला मुळीच पटत नाही, पण तो वेगळा विषय, त्यावर मी परत कधीतरी बोलेन आणि तुम्ही सगळ्या शिव्या घालाल.

स्वतःसाठी पण एक दार बंद ठेव. संध्याकाळी पाच ते सात मेसेजला उत्तर, त्यानंतर फोन कपाटात, हे पहिल्याच आठवड्यात सांगून टाक. रात्री अकराला पाच मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवणारा एक बाबा प्रत्येक वर्गात असतो, तुझ्याकडे अजून आला नसेल तर येईल. त्याला सकाळी शाळेत जाऊन उत्तर द्यायचं, घरून नाही.

काही घरं येणारच नाहीत, काही केलं तरी. माझ्या शेवटच्या वर्गात तीन घरं अशी होती, दारू एका घरात, दुसऱ्याचं काय ते मला कळलंच नाही, तिसरी आई नुसती थकलेली होती, तिला माझ्याकडून एकच गोष्ट हवी होती की मी तिला बोलावू नये. मग नाही बोलावलं. तिच्या मुलाच्या वहीत आठवड्यातून एक ओळ लिहायचे, ती खाली फक्त एक टिक करून पाठवायची. वर्षभर तेवढंच.

सोमवारी गेटवर उभी राहा, फोन सेव्ह कर, आणि दोन नावं धर. आणि त्या आजीला माझ्याकडून विचार, तुमच्याकडे कवंडळ अजून कुठे मिळतं. आमच्याकडे फोंड्यात मागची दोन वर्षं बाजारातून विकत आणलंय आम्ही, रानात दिसतच नाही.